ग्वाल्हेरच्या थंडीत घरचा स्विमिंग पूल कसा झाकावा

पौषात ग्वाल्हेरला पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो, काही रात्री त्याच्याही खाली उतरतो आणि धुकं पडलं की दुपारपर्यंत ऊन दिसत नाही. तरीही इथल्या पूलचं पाणी गोठत नाही. घरच्या मध्यम पूलमध्ये पन्नास-साठ हजार लिटर पाणी असतं. एवढ्या पाण्यातली ऊब एका रात्रीत निघून जात नाही. दिवसाचं सरासरी तापमान शून्याच्या बरंच वर असतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पाणी साधारण १२ ते १५ अंशांच्या आसपास राहतं.

हे आधी सांगायचं कारण असं की पूल झाकण्याबद्दल जे लिहिलेलं सापडतं, ते बहुतेक बर्फाळ देशांसाठी असतं. पाणी गोठलं की नऊ टक्के फुगतं आणि पाइप, स्किमर (भिंतीतलं, वरचं पाणी पंपाकडे ओढणारं तोंड), टाइल सगळं फोडतं. म्हणून तिथले लोक पाणी स्किमरच्या खाली उतरवतात, पाइपांत हवा मारून ते कोरडे करतात, तोंडं बुचांनी बंद करतात आणि गरज पडली तर आत न गोठणारं द्रव भरतात. तेच ग्वाल्हेरच्या लष्कर-मुरार भागातल्या बंगल्यात केलं तर फायदा काही नाही आणि नुकसान मात्र होतं: पंप चार महिने बंद पडतो, पाणी साचून राहतं आणि पावसाळ्यानंतर जमिनीत पाण्याची पातळी वर असेल तर रिकाम्या पूलला खालून दाब बसतो. फार रिकामा केलेला पूल त्या दाबानं उचलला जाऊन तडकतो.

आपल्याकडे झाकायचं ते धूळ, पानं, उजेड, मावठ्याचा पाऊस आणि कुणी आत पडण्याचा धोका यांच्यासाठी. खालची सगळी कृती याच पाच गोष्टी धरून आहे. मापं ३० फूट लांब, १५ फूट रुंद, साडेतीन ते साडेपाच फूट खोल अशा पूलची दिली आहेत. तुमचा पूल वेगळा असेल तर लांबी, रुंदी आणि सरासरी खोली फुटांत गुणा, आलेल्या आकड्याला २८.३ ने गुणा, की लिटर मिळतात. आपल्या उदाहरणात ३० × १५ × ४.५ म्हणजे २,०२५ घनफूट, अंदाजे ५७,००० लिटर.

कधी झाकायचा

दिवाळीत घाई करू नका. पाणी अजून कोमट असतं, आणि कोमट पाणी झाकलं की शेवाळाला आयतं घर मिळतं. तुळशीचं लग्न आटोपलं की सकाळी सात वाजता थर्मामीटर दोरीला बांधून फूटभर खोल सोडा. सलग तीन-चार दिवस १८ अंशांच्या खाली आकडा आला की झाकायला हरकत नाही. १५ च्या खाली शेवाळाची वाढ फारच मंदावते. उघडण्याची वेळ रंगपंचमीनंतरची. एक तर रंग पाण्यात जात नाही, आणि दुसरं म्हणजे माघ-फाल्गुनात कडुनिंब आणि पिंपळ पानं गाळतात, तो काळ कव्हरवरच निघून जातो. आवारात शिसू असेल तर त्याची गळ आधीच, थंडीत सुरू होते. त्याची गोल पानं ओल्या कव्हरला चिकटून बसतात.

झाकण्याआधीचं पाणी

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कव्हर पाणी स्वच्छ करत नाही. ज्या अवस्थेत झाकाल, ती अवस्था ते सांभाळून ठेवतं. तळाशी मूठभर पानं राहिली तर फाल्गुनात त्यांचा तपकिरी डाग प्लास्टरवर किंवा टाइलच्या सांध्यात उतरलेला दिसतो, आणि तो ब्रशनं जात नाही.

तीन दिवस हाताशी ठेवा.

पहिल्या दिवशी जाळीनं पानं काढा, भिंती वरून खाली ब्रशनं घासा. पायऱ्यांच्या कडा, शिडीच्या मागची जागा आणि दिव्याभोवतीची कडी विसरू नका. शेवाळ नेहमी तिथूनच परत येतं. गाळ बसायला रात्रभर पंप बंद ठेवा. सकाळी व्हॅक्यूम करताना फिल्टरवरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर (पाणी बाहेर टाकणाऱ्या खुणेवर) ठेवा, म्हणजे बारीक माती फिल्टरमधून परत पूलमध्ये येत नाही. आपल्याकडची धूळ पिठासारखी असते. वाळूचा फिल्टर तिला पूर्ण धरत नाही. यात तीन-चार इंच पाणी जाईल, ते भरून घ्या.

व्हॉल्व्हचा दांडा फिरवताना पंप बंद असलाच पाहिजे. चालू पंपावर दांडा फिरवला की आतलं चाकाच्या आऱ्यांसारखं गॅस्केट जागेवरून निघतं, आणि मग ‘फिल्टर’वर असतानाही पाणी वेस्टच्या पाइपातून गळत राहतं. हिवाळाभर पूलची पातळी का उतरते हे कळत नाही, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

मग बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं. काचेच्या नळीत पाणी नितळ दिसेपर्यंत, साधारण दोन-तीन मिनिटं. त्यानंतर अर्धा-एक मिनिट ‘रिन्स’. आणि परत ‘फिल्टर’वर.

दुसऱ्या दिवशी चाचणी. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट घ्या. हवे ते आकडे असे: पीएच ७.२ ते ७.६, अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम (दर दहा लाख भागांत इतके भाग), कॅल्शियम हार्डनेस २०० ते ४००, सायन्युरिक ॲसिड (उन्हात क्लोरीन टिकवणारं रसायन) ३० ते ५०. अल्कलिनिटी आधी, पीएच नंतर, क्लोरीन शेवटी, हा क्रम उलटवू नका. अल्कलिनिटी डळमळीत असेल तर पीएच टिकतच नाही.

अल्कलिनिटी कमी असेल तर खाण्याचा सोडा चालतो. ५७,००० लिटरमध्ये एक किलो सोड्यानं ती साधारण १० पीपीएमनं वाढते. ६० वरून ९० वर न्यायची तर तीन किलो, एकदम न ओतता दोन वेळा. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांकडे बहुतेकदा उलटं असतं. अल्कलिनिटी आणि पीएच दोन्ही चढलेले असतात. तिथे हायड्रोक्लोरिक ॲसिड, बाजारात ‘तेजाब’ म्हणतात तेच. एका वेळी ३०० मिलीच घ्या. बादलीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड, उलटं कधीच नाही. रिटर्न नोझलसमोर (फिल्टरमधून पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडासमोर) हळू ओता, चार तास पंप चालवा, पुन्हा मोजा. दोन लिटर एकदम ओतून पीएच ६.५ वर आणला, तर त्या पाण्यात चार महिने बुडालेलं प्लास्टर आणि सांध्यांतलं सिमेंट खरवडून निघतं.

सायन्युरिक ॲसिड मोजणं लोक टाळतात. उन्हाळाभर टीसीसीएच्या (क्लोरीन हळूहळू सोडणाऱ्या) गोळ्या टाकल्या असतील तर ते साठलेलं असतंच. या आकाराच्या पूलमध्ये एक किलो टीसीसीए जवळजवळ १० पीपीएम सायन्युरिक ॲसिड मागे ठेवतं, आणि ते आपोआप उडून जात नाही. १०० च्या वर गेलं की क्लोरीन किटमध्ये दिसतं पण काम करत नाही. उपाय एकच: थोडं पाणी काढून नवं भरणं. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नका. कारण वर सांगितलं आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शॉक, म्हणजे क्लोरीनचा एकदम मोठा डोस. क्लोरीन १० पीपीएमनं वाढवायचं तर ५७,००० लिटरला ५७० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं. १० टक्क्यांच्या लिक्विड हायपोक्लोराइटचे सहा लिटर, किंवा ६५ टक्क्यांच्या कॅल्शियम हायपोक्लोराइटचे साधारण ८८० ग्रॅम. हायपो ताजंच घ्या. उन्हात ठेवलेला कॅन महिन्याभरात निम्मा उतरतो. बोअरच्या कठीण पाण्यात कॅल्शियमवाला प्रकार टाळलेला बरा, आणि साधी ब्लीचिंग पावडर तर अजिबात नको. तिच्यातला चुना तळाशी पांढरा थर धरतो.

एक इशारा इथेच. टीसीसीए आणि हायपोक्लोराइट एका बादलीत, एका मापात, एका फ्लोटरमध्ये कधीही एकत्र येऊ देऊ नका. कोरडी पूडसुद्धा एकमेकांत मिसळली तर पेट घेऊ शकते. ॲसिड आणि कुठलंही क्लोरीन एकत्र आलं तर विषारी वायू निघतो. तिन्हींची मापं वेगळी ठेवा, त्यांवर रंगानं खूण करा, आणि पूल सांभाळणाऱ्या माणसाला हे स्वतः उभं राहून दाखवा.

शॉकनंतर रात्रभर पंप. दुसऱ्या दिवशी क्लोरीन ३ ते ४ पीपीएमवर आल्यावरच कव्हर चढवा. १० पीपीएमवर झाकलं तर खाली कोंडलेली वाफ कव्हरची आतली बाजू ठिसूळ करते आणि शिडीच्या स्टीलवर तांबूस डाग पाडते. शेवाळनाशक टाकायचं असेल तर पॉलिक्वाट प्रकारचं, बाटलीवरच्या मापानं. मोरचूद स्वस्त मिळतं म्हणून लोक टाकतात. कठीण आणि चढ्या पीएचच्या पाण्यात त्यातलं तांबं भिंतीवर निळसर-हिरवं उतरतं. नका टाकू.

पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर ठेवा. शिडी आणि हँडरेल काढा, त्यांच्या खोबणीत चिंधी कोंबा, बोल्टांना ग्रीस लावून एका डब्यात ठेवा. स्किमरच्या टोपलीत किंवा पाण्यावर तरंगत्या फ्लोटरमध्ये टीसीसीएची गोळी ठेवून झाकू नका. पंप बंद असताना ती एका जागी विरघळते आणि तिथलं पाणी कडक आम्ल होतं.

कव्हर कुठलं

बुडबुड्यांचं निळं बबल कव्हर उन्हाळ्याच्या दोन्ही टोकांना पाणी उबदार ठेवायला चांगलं. हिवाळ्यासाठी ते नाही. उजेड आत जातो, पानं कडेनं घुसतात, आणि त्यावर पाय पडला तर माणूस सरळ खाली.

जाळीदार सेफ्टी कव्हर, म्हणजे पट्ट्या, स्प्रिंग आणि जमिनीत बसवलेले पितळी अँकर असलेलं, सुरक्षेला सर्वांत भक्कम. अमेरिकेच्या एएसटीएम एफ१३४६ या मानकाला उतरणारं असेल तर आठ फुटांपेक्षा रुंद पूलवर ते ४८५ पौंड, म्हणजे २२० किलो भार पेलतं. पावसाचं पाणी आरपार जातं, साचत नाही. मात्र बारीक धूळही पाण्याबरोबर आत उतरते आणि थोडा उजेडही. ज्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी हेच घ्यावं, पैसे इथेच खर्च करावेत.

तिसरा आणि इथे सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग म्हणजे पीव्हीसी कोटेड ताडपत्री. बाजारात ‘तिरपाल’ म्हणून विचारा. ट्रकची तिरपाल शिवणारे कारागीर मापाप्रमाणे जोडून देतात. वजन ५५० ते ६५० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). रंग गडद, आतून काळी असेल तर उत्तम. मोंढ्यात धान्य झाकायला वापरतात ती निळी-पिवळी एचडीपीई ताडपत्री हलकी आणि स्वस्त असते, पण एका मोसमात उन्हानं तिचे धागे सुटतात. आणि तिच्यातून उजेड जातो. दुकानातच तपासा: कापड उन्हाकडे धरा, मागे हात हलवा. बोटांची सावली दिसली तर ते कापड घेऊ नका. उजेड मिळालेलं पाणी हिरवं होणारच, किल्ल्यावरच्या कुंडांपासून घरच्या हौदापर्यंत.

माप: चारी बाजूंनी दीड फूट जास्त, म्हणजे ३३ × १८ फूट तयार. काठ दुमडून आत दोरी घातलेला असावा आणि दर दोन फुटांवर पितळी आयलेट (दोरी ओवायची कडी). घेर १०२ फूट, म्हणून ५१ आयलेट. काठात दोरी नसेल तर पहिल्याच वाऱ्यात आयलेट कापडासकट उपटून येतो. जोड शिवलेले नकोत, गरम करून चिकटवलेले हवेत. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी ठिबकतं. जोड रुंदीच्या दिशेनं घ्या, म्हणजे तारांना समांतर राहतील.

तारा आणि अँकर

पाण्यावर नुसती पसरलेली ताडपत्री म्हणजे कव्हर नव्हे. ती मध्ये खोलगट होते, तिच्यात पाणी साचतं, त्या वजनानं काठ आत ओढले जातात आणि एका मावठ्यात सगळं पूलमध्ये. म्हणून खाली ताणलेल्या तारा हव्यात.

रुंदीवर दर पाच फुटांना एक अशा पाच तारा. ६ मिमी गॅल्व्हनाइज्ड वायर रोप, प्रत्येकी २२ फूट, एकूण ११० फूट. प्रत्येक तारेच्या एका टोकाला टर्नबकल, म्हणजे फिरवून तार ताणायचा स्क्रू. दोन्ही टोकांना तार दुमडून आवळणाऱ्या तीन-तीन बुलडॉग क्लिप, यू-बोल्ट नेहमी तारेच्या मोकळ्या टोकाकडे, खोगीर ताण घेणाऱ्या बाजूला. उलटी लावलेली क्लिप तार चेपते आणि ती तिथेच तुटते. तार बागेच्या जुन्या पाइपातून ओवून घ्या, नाहीतर ती ताडपत्री आणि कोपिंगचा (पूलच्या काठावरचा) दगड दोन्ही घासते.

अँकरची रेषा पाण्याच्या काठापासून अडीच फुटांवर आखा. कोपिंगच्या दगडात भोक पाडू नका. त्याची आतली बाजू मोकळी असते, ताण बसला की कड तुटते. तारांसाठी १२ मिमी आय-बोल्टचे दहा, ताडपत्रीच्या काठासाठी १० मिमीचे २८. काठाला दर चार फुटांवर एक अँकर पुरतो, कारण एक बंजी (ताणली जाणारी रबरी दोरी) दोन आयलेटांतून इंग्रजी व्हीसारखी अडकते.

ग्वाल्हेरला पूलभोवती बहुतेक जागी वाळूच्या दगडाची फरशी असते, दीड ते दोन इंच जाड, खाली मसाला आणि त्याखाली काँक्रीट. अँकर दगडात नाही, काँक्रीटमध्ये बसला पाहिजे. नुसत्या फरशीत बसवलेला अँकर ताण पडल्यावर आख्खी फरशी उचलतो. भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवून दगड नुसता फिरवून कापा, १० मिमीच्या बोल्टसाठी दगडात १६ मिमी. हॅमर लावला तर फरशी सांध्यापर्यंत तडकते. फरशीच्या कडेपासून किमान चार इंच आत रहा. भोकातून येणाऱ्या भुग्यावर नजर ठेवा: आधी पांढरट-पिवळसर, मऊ, बोटाला रव्यासारखा लागतो. मग ड्रिल थोडं दबतं, तो मसाला. त्यानंतर राखाडी भुगा येऊ लागला आणि ड्रिल कुरकुरलं की काँक्रीट लागलं. तिथून १२ मिमीचा बिट लावा, हॅमर चालू करा आणि पुढे ४० मिमी खोल जा. बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण करा. भोक फुंकून नाही, हवेच्या हातपंपानं स्वच्छ करा. आत भुगा राहिला तर अँकर फुलतो पण धरत नाही.

आत ड्रॉप-इन अँकर सरकवा, लांब पंचानं ठोकून फुलवा आणि त्यात लांब दांड्याचा आय-बोल्ट फिरवा. फरशी जितकी जाड तितका दांडा लांब. १२ मिमीवाल्यांसाठी भोकाचा व्यास आणि खोली पाकिटावर असते, ती पाळा. उन्हाळ्यात सगळे बोल्ट काढून भोकात रबरी बूच लावायचं. अनवाणी पायाला काही लागत नाही.

टर्नबकल आवळा, मधोमध तार हातानं दाबली तर दोन इंचांपेक्षा जास्त खाली जाऊ नये. या तारा ताडपत्रीसाठी आहेत, माणसासाठी नाहीत.

मधल्या दोन खणांत, तारांच्या मध्ये, ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाच्या हवा भरलेल्या दोन ट्यूब तरंगत्या ठेवा आणि दोरीनं तारांना बांधा. बर्फाच्या देशात अशी हवेची उशी बर्फाचा फुगवटा शोषायला ठेवतात. आपल्याकडे तिचा उपयोग उताराला. मधोमध सहा-सात इंच उंची मिळाली की पावसाचं पाणी कडेला सरकतं. ट्यूबची व्हॉल्व्ह खाली, पाण्याकडे करा, वर राहिली तर ताडपत्रीला भोक पाडते.

कव्हर चढवणं

तीन माणसं लागतात, आणि वारा पडलेला हवा. सकाळी दहाच्या सुमारास, दव सुकल्यावर. ओल्या फरशीवर हे काम करू नका, वाळूचा दगड भिजला की पाय घसरतो.

ताडपत्री लांबीच्या दिशेनं पंख्यासारखी घडी घालून उथळ टोकाला ठेवा. दोघांनी दोन लांब काठांवरून एक-एक कोपरा धरून खोल टोकाकडे चालायचं, तिसऱ्यानं मागून घडी सोडायची. आधी चार कोपरे, मग चारी बाजूंचे मधले, मग उरलेले, नेहमी समोरासमोर. एका बाजूनं ओळीनं आवळत गेलात तर शेवटच्या कोपऱ्यात चुणी जमते आणि पाणी नेमकं तिथेच साचतं. बंजी मूळ लांबीच्या दीडपट ताणली म्हणजे पुरे. नायलॉनची दोरी वापरू नका. दव पडलं की ती सैल होते.

वजनासाठी काठावर वाळूची पोती ठेवायची सवय आहे. एक पोतं फाटलं की वाळू पाण्यात, तिथून पंपाच्या इम्पेलरमध्ये. विटाही नकोत, त्यांच्या कडा ताडपत्री कापतात.

हिवाळ्यातली निगा

आठवड्यातून एकदा चार तास पंप चालवा. एक एचपीचा पंप तेवढ्यात पूलचं बहुतेक पाणी एकदा फिरवतो, पाइपांत साचलेपण येत नाही आणि पंपाचा शाफ्टही जाम होत नाही. आधी स्किमरच्या तोंडाशी पाणी आहे ना ते एक कोपरा उचलून पाहा. हवा ओढत चाललेल्या पंपाचं सील जळतं. महिन्यातून एकदा पीएच आणि क्लोरीन मोजा. अंधारात क्लोरीन टिकतं, म्हणून थोडंच लागतं. १ पीपीएमच्या खाली गेलं तर पंप चालू असताना रिटर्नजवळचा कोपरा उचलून अर्धा-एक लिटर हायपो. दर आठवड्याला पातळीवर खूण करा. झाकलेल्या पूलचं बाष्पीभवन जवळजवळ थांबतं, तेव्हा आठवड्यात अर्ध्या इंचापेक्षा जास्त पाणी उतरलं तर कुठेतरी गळती आहे.

मावठा. ३० × १५ फुटांवर एक इंच पाणी साचलं तर ते हजार लिटरच्या वर जातं, एक टनापेक्षा जास्त वजन. आधी मऊ झाडूनं पानं ओढून घ्या, मग पाणी काढा. हिवाळ्यात माळ्यावर पडून असलेला डेझर्ट कूलरचा पंप यासाठी उत्तम. त्याला बागेचा पाइप जोडा, बांबूच्या टोकाला बांधून डबक्याच्या मध्ये ठेवा. पंपाच्या वजनानं तिथे खळगा होतो आणि पाणी आपोआप त्याच्याकडे सरकतं. वीज ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीवरूनच (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) घ्या, वायरचा जोड उघड्यावर नको, आणि पंप उचलण्याआधी प्लग काढा. पंप ठेवायला किंवा अडकलेलं पान काढायला कव्हरवर पाय ठेवायचा नाही, गुडघाही नाही.

थोडं पाणी राहिलं तर राहू द्या असं म्हणू नका. कव्हरवरच्या त्या स्वच्छ, उथळ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठवड्यातून एकदा कव्हर कोरडं झालंच पाहिजे.

गारपीट झाली तर दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूनं उजेडाचे ठिपके शोधा. ठिगळ त्याच कापडाचं, गोल कापलेलं, पीव्हीसीच्या सोल्युशननं, दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटनं पुसून. चौकोनी ठिगळाचे कोपरे आधी सुटतात.

मुलं आणि कुत्री

तारांवर ताणलेली ताडपत्री दिसायला जमिनीसारखी दिसते. हाच तिचा धोका. तिच्यावर मूल गेलं तर ती खाली जाते, वरचं पाणी त्याच्याकडे धावतं आणि कापड त्याच्याभोवती गुंडाळलं जातं. आवाजही येत नाही. घरातल्या मुलांना माहीत असतं, पाहुण्यांच्या मुलांना नसतं. आणि संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाला घर भरलेलं असतं, बायका दिवाणखान्यात, मुलं तिळगूळ खाऊन बागेत. त्या दिवसांत पूलकडे एक मोठं माणूस फक्त लक्ष ठेवायला बसलेलं असावं, हे कुणालाही अवघड वाटू नये.

ताडपत्री वापरणार असाल तर पूलभोवती निदान चार फूट उंचीचं कुंपण करा, आडव्या पट्ट्यांचं नाही, कारण त्या शिडीसारख्या चढता येतात. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि आपोआप बंद होऊन खटका बसणारं. खटका मुलाच्या हाताला न येणाऱ्या उंचीवर. काठाला एक लांब बांबू आणि दोरीला बांधलेली हवेची ट्यूब कायम टांगलेली ठेवा. बंजी कापायला कात्रीसुद्धा तिथेच.

रंगपंचमीनंतर

आधी कव्हर झाडा, पाणी काढा, मगच बंजी सोडा. घाण तशीच ठेवून कव्हर ओढलं तर चार महिन्यांची माती एका क्षणात आत जाते. दोन्ही लांब काठ मध्यावर दुमडून, घाणेरडी बाजू आत ठेवून, उथळ टोकाकडे ओढत आणा.

पाणी नितळ असेल तर बॅकवॉश, चाचणी आणि निम्म्या मात्रेचा शॉक पुरतो. हिरवट दिसलं तर कव्हरला दोष देण्याआधी तीन गोष्टी आठवा: झाकताना पाणी १८ अंशांच्या वर होतं का, सायन्युरिक ॲसिड मोजलं होतं का, कापडातून उजेड येत होता का. तपकिरी असेल तर कुठला तरी काठ सैल राहून पानं आत गेली आहेत. टाइलच्या रेषेवर पांढरा पट्टा असेल तर पीएच चढलेला होता.

ताडपत्री सौम्य साबणानं धुवा, ब्लीचनं नाही. दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळू द्या. ओलसर घडी घातली तर पावसाळ्यात बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि थर एकमेकांना चिकटतात. पंख्यासारखी घडी घाला, दर वर्षी घडीची रेघ थोडी सरकवून, म्हणजे एकाच जागी कापड मोडत नाही. जमिनीपासून वर, फळीवर ठेवा, भोवती डांबराच्या गोळ्या. गच्चीवर नाही. मे महिन्यातलं ग्वाल्हेरचं ऊन पीव्हीसी वाळवून ठिसूळ करतं. टर्नबकल, क्लिपा, आय-बोल्ट मोजून, तेल लावून एकाच डब्यात ठेवा आणि डब्याच्या झाकणावर आकडे लिहा: ५ टर्नबकल, ३० क्लिपा, १० मोठे बोल्ट, २८ लहान.